बाईंचा शेप्या

जोगळेकर बाई कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, झाडांकडे बघत. यजमान बिचारा दारात "या, या" करत उभा आणि बाई त्याच्या आंब्याच्या बुंध्याला नाक लावून वास घेतायत. मी रत्नागिरीला कॉलेजात इतिहास शिकवायला आले ती अठ्ठ्याण्णव साली. पहिल्याच आठवड्यात मला बजावण्यात आलं, की शिक्षकांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या कपाटाला हात लावायचा नाही. "का, काय आहे त्यात?" मी विचारलं. "बुरशी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. कपाटाशेजारच्या टेबलावर एकट्याच डबा खात बसलेल्या बाईही हसल्या, पण जरा उशिरा आणि आमच्याकडे न बघता.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि बुरशी हा त्यांचा खास विषय. ठेंगणी मूर्ती, फिक्या रंगाचं सुती पातळ, खांद्याला पिशवी आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. लग्न केलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजातल्या टवाळांनी त्या भिंगाला मंगळसूत्र ठरवून टाकलं होतं. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा दोरा तुटून भिंग हरवलं तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "आज मी विधवा हो." त्यावर हसावं की नाही हे कुणाला कळेना, आणि त्या गोंधळात बाई पुन्हा एकट्या पडल्या. त्यांचं असंच व्हायचं. विनोद करायला गेल्या तरी माणसं चार पावलं मागे सरत.

ते कपाट पुढे एका दसऱ्याला साफ झालं. नव्या शिपायाने शस्त्रपूजेआधी हौसेने सगळ्या बाटल्या फिनेल घालून लख्ख धुतल्या. त्यात बाईंनी कुठकुठच्या बागा फिरून, सालींचे तुकडे आणून वाढवलेल्या बुरश्या होत्या. आम्ही सगळे आता काय आभाळ कोसळतंय ते बघत बसलो. बाईंनी एक बाटली उचलून हुंगली, पुन्हा खाली ठेवली आणि आपल्या टेबलावर डबा उघडून बसल्या. संध्याकाळी त्या शिपायाला म्हणाल्या, "छान निघाल्यात हो बाटल्या. लोणच्याला घेऊन जा."

मी कऱ्हाडची. आमच्याकडे अशा वेळी माणूस टेबल तरी बडवतो. मला राहवलं नाही. एस.टी. स्टँडवर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला रडायला येत नाही का हो?"

"येतं गो," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना काय सांगू? मेलं कोण म्हणून विचारतील."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. गट्टी म्हणजे काय, तर त्या बोलायच्या आणि मी ऐकायची. इतिहासवालीला किड्यामुंग्यांत काय कळणार! पण बाई सांगायला लागल्या की किड्यालाही घरदार, शेतीवाडी असल्यासारखं वाटायचं. तेव्हा आसपासच्या बागांतून आंब्याची चांगली फळ धरणारी झाडं उभीच्या उभी वाळत होती. बागायतदार पाण्याला दोष देत, मुळाला देत, शेजाऱ्याच्या नजरेला देत. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. झाडं एका किड्याने जातायत, आणि हा किडा इथला नव्हे, कुठल्यातरी बंदरात परदेशी लाकडाच्या खोक्यांतून उतरला असणार.

"तिळाएवढा असतो," त्या सांगायच्या. "आणि लाकूड खात नाही हो तो! शेतकरी आहे. अंगावर बुरशीचं बियाणं घेऊन येतो, झाडात भोक पाडतो आणि आत पेरतो. ती बुरशी त्याची पोरंबाळं खातात. झाड मरतं ते त्याच्या दातांनी नाही, त्याच्या शेतीने."

"आणि झाड गप्प बसतं?"

"गप्प कशाला बसेल? चीक सोडतं, डिंक सोडतं, आतून कडू होतं. बऱ्या झाडाच्या सालीत त्याची स्वतःची बुरशी असते, जुन्या भाडेकरूसारखी. ती नवीन कुणाला शिरू देत नाही. पण झाड दमलं, त्याची मुळं तुटली, लवकर मोहोर यावा म्हणून नको तेवढं औषध ओतलं, की त्याच्या अंगाला दारूसारखा वास यायला लागतो. आपल्याला नाही येत. किड्याला येतो. की आला तो नांगर घेऊन."

ह्या दारूच्या वासापायी बाईंनी एक पराक्रम केला, तो रत्नागिरीत अजून कुणाकुणाला आठवत असेल. किडा कुठवर पसरलाय ते बघायला बागांतून बाटल्यांचे सापळे टांगायचे होते आणि आमिष म्हणून आत स्पिरिट हवं होतं. कॉलेजातून स्पिरिट मिळवायचं तर अर्जावर इतक्या सह्या, की तोवर किडा म्हातारा होऊन मरेल. बाई उठल्या आणि पिशवी घेऊन भर बाजारातल्या देशी दारूच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहिल्या. पुढची गिऱ्हाइकं हळूच पांगली. मालक गल्ल्यावरून उठून उभा राहिला म्हणतात. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त वास मारणारी कुठची?"

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, आपला पेशा लक्षात घेता..." त्यांनी सुरुवात केली.

"मी नाही हो पीत," बाई म्हणाल्या. "किडे पितात."

थोडी किडे प्यायले, थोडी एका बागेच्या गुरख्याने प्यायली. बाई सापळे बघायला गेल्या तर बाटल्या रिकाम्या आणि खाली गुरखा आडवा. भिंगातून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "हाही सापडलाच म्हणायचा." पण गावात बोभाटा झाला तो झालाच. बाईंना लागलीय म्हणे. एकटी बाई, करणार काय, असंही कुणी कुणी म्हणालं. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

त्यांचं घर आरे-वाऱ्याच्या रस्त्याला होतं. जांभ्या दगडाचं बैठं घर, पुढे खळं म्हणजे सारवलेलं अंगण, कडेने दगडी गडगा आणि रस्त्याच्या बाजूला एक भलामोठा आंबा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो फळांनी लगडला होता आणि खाली सडा पडला होता. मी एक उचलून चोखला आणि तोंड कसनुसं झालं. आंबा चोखते की शेपूची भाजी खाते ते कळेना.

बाई खूश झाल्या. "शेप्या आहे तो, रायवळ. पोरंसुद्धा उचलत नाहीत. पण बघ, आजूबाजूचे हापूस जातायत आणि ह्याला किडा शिवत नाही. त्या वासातच त्याचं औषध आहे. खायला वाईट ते जगायला चांगलं, असं असतं गो." मग बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे माझं झाड."

"सगळीच तुमची ना?"

"तसं नव्हे. माझ्यासाठीचं."

कोकणात घरोघर एखादा आंबा राखून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. फळाला बरा नसलेला रायवळच असतो बहुधा. घरात माणूस गेलं की गाववाले कोयते-कुऱ्हाडी घेऊन येतात आणि तो तोडतात. सरणाला आंब्याचंच लाकूड. बाईंच्या वडिलांनी पोरांच्या नावाने झाडं राखली होती. भाऊ मुंबईला जाऊन तिथलाच झाला, म्हणून त्याचं झाड वडिलांच्याच कामी आलं. शेप्या बाईंच्या वाटचा.

"बाबा म्हणाले होते, लग्न नाही केलंस, हरकत नाही. पण जाताना कुणाकडे लाकूड मागायची वेळ यायला नको." हे सांगताना बाईंचा चेहरा अगदी निवांत होता. कुणी आपल्या नावचं घर दाखवावं तसं त्यांनी मला ते झाड दाखवलं. मला मात्र त्या दिवशी चहा गेला नाही.

ह्याच रीतीपायी बाईंचं आणि गावाचं फाटलं. झाडाला किडा लागला की लोक बाईंना बोलवायचे, आणि बाईंचा सल्ला एकच, "तोडा आणि जाळा. आजच." तोडायला लोक तयार असत. जाळायला नाही. आंब्याचं लाकूड खळ्यात उगीच पेटवायचं, घरात कुणी गेलेलं नसताना? भलतंच काय! मग तोडलेलं लाकूड नीट रचून ठेवायचं, आज ना उद्या लागणारच म्हणून. बाई हात जोडायच्या. "अहो, रचून ठेवलंत तर त्यांना आयती चाळ बांधून दिलीत! त्यातून निघतील आणि पुढल्या झाडात जातील." लोक मान डोलवायचे. बाईंची पाठ वळली की रचायचे. आणि पुढलं झाड गेलं की म्हणायचे, बाय येऊन गेली ना, मग जायचंच ते. हळूहळू बोलावणी बंद झाली. बाई रस्त्याने येताना दिसल्या की बायका झाडाखालून पोरांना हाक मारून घरात घेत. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. राग आला, पण भांडणार कुणाकुणाशी?

गडग्यापलीकडे सखारामची बाग होती. बाईंपेक्षा वयाने लहान, लहानपणी त्यांच्याच पडवीत पाढे पाठ केलेला माणूस. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्याच्या हापूसांना किडा लागला तेव्हा बाईंच्या शब्दाखातर त्याने ते तोडले, आणि लाकूड गडग्याला लागून, वर झावळ्या घालून, सुबक रचलं. बाई गडग्याशी उभ्या राहिल्या.

"सखाराम, लाकडं जाळली नाहीस रे."

"जाळू बाय. आयेची वेळ झाली की जाळू. दुसरां काय करायचां त्याचां?"

"तोवर किडा थांबायचा नाही."

"मग काय करू? आय जिती असताना तिचां सरण पेटवू खळ्यात? तुमीच सांगा."

बाई गडग्यापासून वळल्या. आत येऊन माझ्यासमोर बसल्या आणि बराच वेळ भिंगाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. "शास्त्रात ह्याला उत्तर नाही गो," एवढंच म्हणाल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. कपाट रिकामं झालं, त्यात हजेरीपटांचे गठ्ठे आले. जाणंयेणं कमी झालं. त्याच सुमाराला त्यांच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला. कडेने चर खणताना शेप्याची रस्त्याकडची मुळं तुटली. बाई दिवसभर चराशी उभ्या होत्या म्हणे, पण यंत्र थांबलं नाही.

माघ महिन्यात मला त्यांचा कॉलेजात फोन आला. "रविवारी येशील का? काही नाही, सोबतीला." इतक्या वर्षांत बाईंनी कुणाला सोबतीला बोलावलेलं मला माहीत नव्हतं. मी गेले. शेप्या मोहोराने नुसता भरून गेला होता, इतका की पानं दिसेनात. मी म्हटलं, "वा! यंदा तर कमालच आहे."

"जायचं असलं की असं फुलतं झाड," बाई म्हणाल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं.

बुंध्यावर बारीक बारीक भोकं होती आणि प्रत्येक भोकातून भुशाची एक पांढुरकी काडी बाहेर आली होती, उदबत्तीची राख न पडता उभी राहते तशी. मी फुंकर घातली तर ती विस्कटली. भिंगात काहीतरी हललं. भिंग खाली ठेवून मी म्हटलं, "थोडीशीच तर आहेत भोकं. काहीतरी इलाज असेल."

"मुळं तुटली, तिथेच तो हरला. दुसऱ्याचं झाड असतं तर मी काय सांगितलं असतं?"

"मग निदान लाकूड तरी..." मी बोलले आणि जीभ चावली.

"ठेवू?" बाई म्हणाल्या. "आणि मग कुठच्या तोंडाने सांगू गावाला?"

लाकूडतोडे बोलावलेलेच होते. दुपारपर्यंत शेप्या खळ्यात आडवा झाला, ओंडके पडले, फांद्या पडल्या. पण पेटवायला त्यांतला एकही तयार होईना. मजुरी घेऊन ते निघून गेले. जाताना त्यांनी पाय धुतले. मग बाईंनी पदर खोचला, सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणं ओंडक्यांखाली सारली, वर रॉकेल ओतलं आणि स्वतः काडी लावली. ओलं लाकूड आधी नुसतं धुमसलं, फुसफुसलं, टोकांतून फेस आला. मग हळूहळू धरलं. साऱ्या आळीभर शेपूचा वास सुटला.

बाईंनी पडवीतली खुर्ची खळ्यात आणली आणि ऊन लागत होतं म्हणून छत्री उघडून समोर बसल्या. कुणी आलं नाही. अशा जाळाला येणार कोण? रस्त्याने एक एस.टी. गेली. खळ्यातला जाळ बघून खिडकीतल्या माणसांनी भराभर हात जोडले.

"बघ, मला नमस्कार करतायत," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. कऱ्हाडची माणसं रडतात तेव्हा आवाज होतो. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि जाळाकडे बघत बोलल्या, "बाबांनी एवढी एकच सोय करून ठेवली होती. आता कुणाकडेतरी मागावं लागेल."

"मग मागा. त्यात काय?"

"मागायची सवय नाही गो. आणि ज्यांच्याकडे मागायचं त्यांची झाडं मी तोडायला लावलीत."

इतक्या मोठ्या गावात ह्या बाईला मेल्यावर चार लाकडं कोण देईल हे खरोखरच सांगता येत नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

गडग्यापलीकडे सखाराम कधीचा उभा होता. त्याच्या घरातून म्हातारीचा आवाज आला. खणखणीत होता.

"सकाराम, कुनाचा जळतोय रे?"

"बायचा शेप्या, आये."

"बाय गेली?"

"नाय. खुर्चीत बसलीय."

आत खाट करकरली. मग म्हातारी म्हणाली, "मग माझां कशाला रचून ठेवलायस?"

सखाराम वळला. मग त्याने आपल्या रचलेल्या लाकडांवरच्या झावळ्या बाजूला केल्या, एक ओंडका उचलला आणि गडग्यावरून बाईंच्या जाळात टाकला. मग दुसरा. बाई खुर्चीतून उठल्या आणि त्याला जागा व्हावी म्हणून छत्री मिटून बाजूला सरल्या. ऊन उतरेपर्यंत ते काम चाललं होतं.

त्यानंतर गावात सगळं बदललं असं काही झालं नाही. एखाददोघांनी लाकूड जाळलं, बाकीच्यांनी रचलंच. पण त्या वैशाखात माझी कऱ्हाडला कायमची जायची सोय झाली, म्हणून मी बाईंचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्या घरी नव्हत्या. शेप्याच्या जागी काळा डाग आणि त्याच्या कडेला त्यांची खुर्ची तशीच. सखारामच्या बागेच्या पार टोकाला, रस्त्याच्या वळणावर, त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तिकडे गेले. जुना, काळपट सालीचा एक रायवळ होता. त्याच्यासमोर सखाराम डोकं खाजवत उभा.

"आयेचा त्यो पलीकडचा," तो सांगत होता. "ह्यो तुमचा."

"मी मागितला नव्हता," बाई म्हणाल्या.

"मी पन इचारलां नाय तुमाला."

बाई मागे वळल्या. माझ्याकडे बघितलं, पण मी आले हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. मग गळ्यातलं भिंग काढलं आणि मांडी घालून चक्क बुंध्याशी बसल्या. मुळापासून सुरुवात. साल चाचपत, नाक लावत, एकेक फट बघत त्या झाडाभोवती सरकायला लागल्या. सखारामने त्यांची छत्री उचलली, त्यांच्या डोक्यावर धरली आणि तोही मागोमाग सरकत राहिला. एवढा उंच माणूस, पण दवाखान्याबाहेर बसलेल्यासारखा चेहरा झाला होता. माझी एस.टी. वळणावर दिसायला लागली. मी हात केला.

"फळ कसं आहे रे ह्याचं?" बाईंनी बुंध्यामागून विचारलं.

"आंबट, बाय. जीबेवर धरवत नाय. पाखरां पन नाय खात."

थोडा वेळ नुसती भिंगाची चमक दिसली.

"मग घेते," बाई म्हणाल्या.

मी गाडीत चढले. मागच्या खिडकीतून बघितलं तर छत्री दिसली, छत्रीखाली बाईंची पाठ दिसली, आणि त्या अजून वास घेत होत्या.